अंगावर हाडं लिहिलेला भाला

मी एक जुना बांबूचा भाला आहे. सदूकाकांनी मला परसातल्या बेटातून तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं आणि टोकाला लोखंड बसवून पुतणीच्या, शमिकाच्या हातात दिलं. मित्रांनो, काय ते दिवस! एकदा आरे-वारेच्या समुद्रकाठी, वाळूत तिने मला असं फेकलं, की वर एका घारीने लिफ्ट मागितली. तिला उतरवून खाली येईपर्यंत शमिका अकरावीतून बारावीत गेली होती. खोटं वाटतंय? घारीला विचारा.

बारावीत मात्र घरात ते आलं. बायोलॉजीचं पुस्तक. जाडं, गुळगुळीत, नव्या वासाचं. डॉक्टर व्हायचं म्हणून शमिका त्याला उशाशी घेऊन झोपायला लागली. मला कधी घेतलं होतं उशाशी? मी आपला दाराआड, कोळिष्टकांत.

"बाबा, पुढच्या महिन्यात भालाफेकीची विभागीय स्पर्धा आहे हो," एकदा ती म्हणाली.

"आधी नीटच्या सराव परीक्षेत पाचशेच्या वर मार्क आण, बाय," बाबा म्हणाले. "नायतर ह्याला जाळी बांधून आंबे काढायचा झेला करतो. काठी बरी आहे."

काठी! मला!

डोकंच फिरलं माझं. दुपारी पुस्तक जमिनीवर उघडं पसरलं होतं. वाऱ्याने दार हललं, तेवढं निमित्त मला पुरलं. पडलो तो थेट त्याच्या पोटात! सांगाड्याच्या चित्रासकट चौदा पानं आरपार.

"मेल्या, हाडंच फोडलीस?" शमिका ओरडली.

मी मनातल्या मनात हसलो. मग आठवलं, तिचे मार्क कमी पडले तर झेला माझाच होणार.

तिने मैत्रिणीच्या, मनस्वीच्या पुस्तकातून हाडांची नावं उतरवली. कुठे? माझ्या अंगावर! मार्करने, टोकापासून: ह्यूमरस, रेडिअस, अल्ना... मग मला खांद्यावर घेऊन अंगणात धावायची. पावलाला एक हाड. मनस्वी पायरीवर बसून चुका काढायची.

"अल्ना खाल्लीस गो! म्हणून पाय चुकला."

सराव परीक्षेत पाचशे चार आले. बाबांनी जाळी दुसऱ्या काठीला बांधली. स्पर्धेत आमचा दुसरा नंबर. पहिलाच यायचा, पण वर तीच घार भेटली.

पुस्तक अजून उशाशीच असतं. माझा जळफळाट काही गेलेला नाही. पण त्याच्या पोटाला चिकटपट्टी आहे आणि माझ्या अंगावर तिचं अक्षर.

म्हणून सांगतो मित्रांनो, नवीन आणायचं तर खुशाल आणा. पण दाराआड उभा आहे त्याच्यावरून अधूनमधून फडका फिरवा. नाहीतर आम्ही पडतो. आणि नेम आमचा चांगला असतो.