गार फुलके

लोकमान्य नगरातल्या वासुदेवरावांनी सकाळचा नाश्ता घरी केल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. वीज मंडळात नोकरीला होते तेव्हाही आणि निवृत्त झाल्यावरही आंघोळ उरकली की पायात चपला सरकवून ते कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या दुकानासमोर जाऊन उभे राहायचे. वाफेवरचे पोहे, वर मूठभर सेव, चिमूटभर जीरावन मसाला आणि शेजारी जिलबी. इंदूरचा माणूस घरी पोहे खायला लागला की त्याची तब्येत बिघडली असं खुशाल समजावं, हे त्यांचं ठाम मत होतं. घरी यायचं ते दुपारच्या जेवणाला. तेव्हा मात्र फुलका आचेवरून थेट ताटात पडायला हवा. वाटेत कुठे रेंगाळलेला फुलका त्यांना चालायचा नाही.

हा हट्ट घराण्यातच होता. पणजोबा होळकरांच्या पागेवर होते. घोड्यांना वेळेवर दाणापाणी करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं म्हणे, पण स्वतःचं ताट त्यांनी कधी उचलून ठेवल्याचं ऐकिवात नाही. पुढच्या पिढ्यांचे घोडे गेले, ताटाची रीत तेवढी सगळ्यांनी इमानेइतबारे जपली.

आणि मग श्रावणात, गच्चीवरचे कपडे घाईघाईनं गोळा करून उतरताना यमुनाबाईंचा जिन्यावर पाय घसरला आणि उजवा खांदा मोडला.

ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात वासुदेवराव दिवसभर त्यांच्या खाटेशी बसून असायचे. जेवायला म्हणून कँटीनमध्ये जावं तर नेमके तेव्हाच डॉक्टर येऊन जायचे, म्हणून यमुनाबाईंच्या ताटातच दुसरा चमचा घालून तेही खायचे. त्या खिचडीला ना धड मीठ ना फोडणी. पण यमुनाबाई डाव्या हातात चमचा धरून ती मुकाट्यानं खायच्या, वर "लिंबाची फोड मिळते का बघा" असंही म्हणायच्या. ताट चाटूनपुसून परत जायचं.

घरी आल्यावर मात्र काय बिनसलं कोणास ठाऊक. भंवरकुआंहून मेसचा डबा सुरू केला, तर त्या तेलाच्या तवंगाकडे बघूनच यमुनाबाई मान फिरवायच्या. स्वयंपाकाला बाई ठेवली, तर ती भाचीच्या लग्नाला सांवेरला गेली ती गेलीच. यमुनाबाईंचे गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळतंय. पण ह्यांच्या पोटात काही जात नाहीये. मी औषध कशाचं देऊ? ह्यांना जेवण हवंय."

ही बातमी पुण्याला लेकीच्या कानावर गेली. अबोली लहानपणापासून वडिलांना तुम्ही म्हणे, पण हुकूम सोडताना त्याचा काही उपयोग व्हायचा नाही.

"बाबा, मी दसऱ्याला येतेय. आई जेवताना दिसली नाही तर तिला इकडे घेऊन येणार. तिकीट काढून ठेवलंय."

"किती दिवसांसाठी?"

"ती सुधरेपर्यंत. तुम्हाला पण आणलं असतं हो, पण घर केवढं ते माहितीये ना तुम्हाला? सासूबाई आहेत, दोन खोल्या..."

वासुदेवरावांनी फोन ठेवला. आतल्या खोलीत यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हे घर तिच्याशिवाय कसं दिसेल असा विचार त्यांनी करून पाहिला आणि त्यांना भीती वाटली. आईचं जाणं त्यांनी सोसलं होतं. बायको दुसऱ्या गावाला असणं त्यांना सोसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोहे खायला गेले नाहीत. खांद्यावर टॉवेल टाकून स्वयंपाकघरात उभे राहिले. यमुनाबाईंना त्यांनी खुर्ची आणून दिली, मागे उशी लावली आणि म्हणाले, "तू फक्त सांगायचं. हात माझे."

"कणीक घ्या परातीत. मीठ. आता पाणी, पण एकदम नका ओतू."

"मालूम आहे मला."

"मालूम असतं तर परातीत तलाव झाला नसता."

तलाव आटवायला आणखी कणीक, ती कोरडी झाली म्हणून पुन्हा पाणी, असं करता करता दोन माणसांच्या घरात पंगतीला पुरेल एवढा गोळा तयार झाला. पहिला फुलका होळकरांच्या मुलखाच्या नकाशासारखा झाला, दुसऱ्यात तर मुलूख दोन ठिकाणी तुटला. लाटणं खराब आहे, असं वासुदेवरावांनी जाहीर केलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं यमुनाबाई म्हणाल्या नाहीत. फक्त लाटण्याकडे बघून हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या.

पण माणूस जिद्दीचा. बोटं भाजली, वरण दोनदा करपलं, कुकरच्या शिट्टीला घाबरून तिसऱ्यांदा कच्चं राहिलं. हळूहळू हात बसला. सकाळी पोहेही घरीच व्हायला लागले, चाळणीत घालून पातेल्याच्या वाफेवर, दुकानातल्यासारखे. आणि एका दुपारी फुलका आचेवर टाकला तो टम्म फुगला. वासुदेवराव चिमट्यात धरून तो मिरवत बाहेर धावले, ताटात टाकला, वर तूप सोडलं.

"खा लवकर, वाफ आहे तोवर. इतकी वर्षं तू मला गरमागरम खाऊ घातलंस, यमुना. आता माझी पाळी. तू नुसतं बसायचं."

यमुनाबाईंचे डोळे भरून आले. वासुदेवरावांना ती पावतीच वाटली. ते धावत पुन्हा गॅसपाशी गेले, दुसरा फुलका आणला. तिसरा घेऊन आले तोवर यमुनाबाईंनी ताटावर हात आडवा धरला होता.

"बस झालं."

"अगं, दुसरा पण अर्धाच आहे!"

"छान झालाय हो. पण नको आता."

रोज हेच. ते आतून बाहेर धावायचे, बाहेरून आत धावायचे, आणि यमुनाबाई टेबलाशी बसून दीड फुलक्यावर हात आखडायच्या. त्या उठल्या की वासुदेवराव उरलेलं घेऊन ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवून घ्यायचे. फुलके तोवर गार होऊन चिवट झालेले असायचे. असलं कोणी कसं खातं, असा विचार एकदा त्यांच्या मनात आला, पण तेवढ्यात दूध उतू गेलं आणि तो विचारही गेला.

शेवटी ते पोह्यांच्या दुकानावर गेले, खायला नव्हे, सल्ला मागायला. गजानन हा त्यांचा नोकरीतला दोस्त रोजच्या जागेवर होताच.

"काय भिया! शकल विसरलो आम्ही तुमची. वहिनींनी बाहेर निघायची बंदी घातली का?"

वासुदेवरावांनी सगळं सांगितलं. हॉस्पिटलची बेचव खिचडी ती खायची आणि माझा फुगलेला फुलका खात नाही, हे सांगताना त्यांचा आवाज दुखावलेला होता.

गजाननानं गंभीरपणे विचार केला. "सेव टाका भिया. वरणावर टाका, भाजीवर टाका. सेव टाकली ना, तर मुर्दा पण उठून म्हणतो, थोडी और."

सेव टाकून झाली. मग दाल-बाफले झाले, कणकेचे भाजलेले गोळे तुपात बुडवलेले. मग जावयालाही कधी केला नव्हता असा भुट्ट्याचा कीस झाला. यमुनाबाई प्रत्येकाची चव घ्यायच्या, प्रत्येकाचं मनापासून कौतुक करायच्या, आणि बस झालं म्हणायच्या. दसरा जवळ आला. वासुदेवराव वजनकाट्याकडे बघायचेही टाळायला लागले.

अबोली आली. आईला मिठी मारताना तिच्या हाताला आईची हाडं लागली, आणि वडिलांकडे तिनं जे बघितलं त्यात राग नव्हता, हेच वासुदेवरावांना जास्त लागलं.

"बाबा, आज तुम्ही बसा. मी करते."

"अगं, मला येतं आता."

"माहितीये. आई सांगत होती फोनवर. तरी बसा."

तिनं दोन ताटं शेजारी शेजारी मांडली आणि वडिलांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. वासुदेवराव अवघडून बसले. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी गजाननाचा सल्ला त्याच्याच आवाजात बायकोला सांगितला. मुर्दा उठून बसतो म्हटल्यावर यमुनाबाईंना एवढं हसू आलं की चमच्यातलं वरण सांडलं. मग दुकानदारानं जिलबीचा आकार कसा कमी केला ते निघालं, त्यावरून यमुनाबाईंच्या देवासच्या काकांची जिलबी निघाली. बोलता बोलता यमुनाबाईंनी नवऱ्याच्या ताटातली चटणी उचलली. स्वयंपाकघराकडे बघून म्हणाल्या, "अबोली, आणखी एक आण गं."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या. भातही मागून घेतला.

वासुदेवरावांनी यमुनाबाईंच्या ताटाकडे बघितलं. ते लख्ख झालं होतं. हे बघून आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आत रुतत गेलं. म्हणजे जेवण जात होतं. फक्त आपल्या हातचं जात नव्हतं.

दुपारी अबोली जरा आडवी झाली, तेव्हा त्यांनी माळ्यावरची बॅग काढली, पुसली आणि यमुनाबाईंच्या साड्या घडी करून आत ठेवायला लागले. घडी जमत नव्हती.

"हे काय चाललंय?" यमुनाबाई दारात उभ्या होत्या.

"तू अबोलीबरोबर जा." त्यांनी साडीवरची नजर काढली नाही. "तिच्या हातचं तुला जातंय. बरी हो तिकडे. माझं काय, दुकान आहेच कोपऱ्यावर. मी... मी राहीन." ते खाटेवर बसले आणि साडी तशीच मांडीवर राहिली.

यमुनाबाई हळूहळू येऊन शेजारी बसल्या.

"तिच्या हातचं म्हणून नाही जेवले मी. तिच्या वरणात तर आज मीठच नव्हतं."

"मग?"

"तुम्ही बसला होता ना शेजारी."

वासुदेवरावांना काही कळलं नाही.

"तुम्ही एवढं प्रेमानं करता, गरम गरम आणून घालता आणि लगेच पळता. समोर खुर्ची रिकामी. माझ्या घशाखाली घास उतरत नाही हो. पण सांगू कसं? तुम्ही इतके खुश होता."

"पण तुला सवय... म्हणजे तूसुद्धा मला असंच वाढायचीस." ते बोलता बोलता थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हा प्रश्न त्यांना आज पहिल्यांदा पडत होता. "यमुना, तू कधी जेवायचीस?"

"तुम्ही हात धुवून बातम्या लावायचात ना, तेव्हा."

"एकटी?"

"आणखी कोण असणार? पूर्वी चालायचं. सवयच होती. ती हॉस्पिटलात बिघडली." त्या जरा हसल्या. "तुम्ही रोज माझ्याच ताटात चमचा घालून बसायचात. तेव्हा कळलं, जेवताना कोणीतरी बरोबर असलं की कसं वाटतं ते. आता परत एकटीनं नाही जमत मला."

वासुदेवरावांनी तोंडावरून हात फिरवला. गरम फुलका म्हणजे माया, हे त्यांना या बाईनंच शिकवलं होतं, आणि त्याच मायेनं त्या दोघांना आयुष्यभर एका वेळी जेवू दिलं नव्हतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. यमुनाबाईंनी मांडीवरची साडी ओढून घेतली आणि डाव्या हातानं, दातांची मदत घेऊन, तिची नीट घडी घालून ती बॅगेऐवजी कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वासुदेवरावांनी अबोलीला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. सगळे फुलके एकदमच लाटले, भाजले, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले आणि गॅस बंद केला. मग वरणभाजी, डबा, सगळं टेबलावर आणून खुर्ची ओढून यमुनाबाईंच्या शेजारी बसले. अबोली समोर बसली.

"बाबा, गार झाले ना हे," तिनं डब्याला हात लावून म्हटलं. "तुम्हाला चालतील?"

"बघू या."

त्यांनी घास तोडला. फुलका हवा जाऊन बसला होता, कडेला चिवटही झाला होता. तो चावता चावता ते यमुनाबाईंकडे वळले.

"हे असं खाल्लंस तू? इतकी वर्षं?"

"हं. पण आज बरे लागतायत."

अबोली दोघांकडे बघत होती. मग तिनं खिशातून फोन काढला, मान खाली घालून आईचं तिकीट रद्द केलं आणि फोन बाजूला ठेवला. यमुनाबाईंचा दुसरा फुलका संपला. वासुदेवराव चावता चावता थांबले. इथेच तो हात ताटावर आडवा यायचा.

"आणखी एक द्या," यमुनाबाई म्हणाल्या. "पण अर्धाच हं."

डबा भरलेला होता. तरी वासुदेवरावांनी एकच फुलका काढला, त्याचे दोन तुकडे केले, एक त्यांच्या ताटात ठेवला आणि एक आपल्या.