डावीकडचा बोगदा

भर स्पर्धेत भिंगरी थांबली आणि उस्तादांवर भुंकायला लागली, तेव्हा कुंपणाबाहेर खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींचा आ वासला तो वासलेलाच राहिला. भिंगरी ही काही उठसूट भुंकणाऱ्यांतली नव्हे. दारावरची बेल वाजली तरी ती आधी वहिनींच्या तोंडाकडे बघायची आणि मग भुंकायचं की नाही ते ठरवायची. तीच आज ऐन फेरीत, मैदानाच्या मधोमध, चारी पाय रोवून उभी होती आणि जाब विचारावा तशी मालकावर भुंकत होती. घड्याळ पळत होतं. उस्ताद जागच्या जागी. जज बिचारा सभ्य माणूस. त्याने जरा वाट बघितली आणि मग शिट्टी वाजवली. बाद.

उस्ताद म्हणजे वहिनींचे यजमान. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा, पण जीव सगळा या खेळात. मैदानावर त्यांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. या आधीचे दोन कुत्रे त्यांनी असे तयार केले होते की घरातल्या कपाटात भांड्यांपेक्षा कप जास्त. नवखी पोरं त्यांच्याकडे शिकायला यायची आणि बोलणी खाऊन जायची. वहिनी स्वतः चष्म्याच्या दुकानात काउंटरवर. मैदानावर त्यांचं काम कुत्री धरून उभं राहणं, पाणी पाजणं आणि घरी जाताना उस्तादांचा राग गिळणं.

खेळ तसा समजायला सोपा आहे. मैदानात उड्यांचे अडथळे, कापडी बोगदे, झुलती फळी, एका ओळीत रोवलेल्या काठ्या. हे सगळं ठरलेल्या क्रमाने पार करायचं, तेही पळत. पण क्रम दर वेळी नवा, आणि तो माहीत असतो माणसाला. कुत्र्याला नाही. माणसाने बरोबर पळत हाताने, खांद्याने, पायाच्या रोखाने दाखवायचं आणि कुत्र्याने जायचं. दोरी नाही, हात लावायचा नाही. भिंगरी तर मेंढ्या वळणाऱ्या जातीची, नजर इतकी तिखट की उस्तादांनी करंगळी हलवली तरी तिला कळायचं.

आणि अशी ही कुत्री गेले सहा महिने डावीकडे चुकत होती. उजवीकडचा बोगदा असला की सुळकन आत. डावीकडचा आला की सरळ निघून जायची, नाहीतर भलत्याच अडथळ्यावरून उडी मारून मोकळी. उस्तादांनी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे तपासले, कान तपासले, कंबरेचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, कुत्री ठणठणीत आहे. मग उस्तादांनी परसात बोगदा मांडून तिला डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे असं घासून घासून शिकवलं. काही उपयोग नाही. आणि आज तर भुंकलीच.

परतीच्या वाटेवर गाडी उस्तादच चालवत होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा उस्ताद म्हणाले, "रविवारी हिला मेंढीवाल्याकडे सोडायची."

मेंढीवाला हा त्यांचा जुना दोस्त. शहराबाहेर मेंढ्या पाळायचा आणि भेटेल तेव्हा भिंगरी मागायचा.

"काहीतरीच काय!" वहिनी म्हणाल्या.

"काहीतरीच नाही. तिला हा खेळ नको झालाय. चारचौघांत माझ्यावर भुंकली ती, बघितलंस ना? मेंढ्यांमागे तरी पळेल सुखाने."

"तिची चूक नाहीये, अहो."

"मग काय माझी?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

मनात तेच होतं, हे खरं. वहिनींचं मत असं की यजमान शेफारलेत. कप मिळून मिळून डोक्यात हवा गेली आहे, पूर्वीसारखी मेहनत नको, अर्ध्या हाताने इशारे करतात आणि खापर मुक्या जनावरावर फोडतात. पण हे बोलायची सोय नव्हती. मागच्या सीटवर भिंगरी दोघांच्या मधून तोंड घालून बसली होती, तिच्या कपाळावरून वहिनी हात फिरवत राहिल्या. लेक परगावी शिकायला गेल्यापासून या कुत्रीने घर भरून ठेवलं होतं. ती गेली तर संध्याकाळी दुकानातून परत कशाला यायचं, असा प्रश्न वहिनींना खरोखर पडला.

शनिवारी सरावाला वहिनी पळायचे कापडी केडस घालूनच गेल्या. सराव चालायचा एका बंद पडलेल्या गोदामात, जमिनीवर हिरवी चटई अंथरून. शिकवायला एक तरुण बाई होती, तिला सगळे कोचबाई म्हणायचे. कोचबाईने त्या दिवशीचा क्रम मांडला, त्यात डावीकडे वळायचे बोगदे दोन होते.

"आज मी पळवणार हिला," वहिनींनी जाहीर केलं.

कोचबाई हसली. "वहिनी, तुम्ही?"

"का? मला हात नाहीत?"

उस्तादांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पाच-सहा जण बघत होते, नाही कसं म्हणणार? वहिनी पळाल्या. पळाल्या म्हणजे काय, एका हाताने चष्मा सावरत आणि दुसऱ्याने वाहतूक पोलिसासारखे इशारे करत कशाबशा गेल्या. मध्येच काठ्यांपाशी अडखळल्या, एकदा पुढचा अडथळा कोणता तेच विसरल्या. भिंगरी थांबून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि हात दिसल्यावर गेली. डावीकडचा पहिला बोगदा, आत. डावीकडचा दुसरा, तोही आत. फेरी संपली तेव्हा वहिनींना श्वास घेता येत नव्हता, तरी त्यांनी तसंच वळून उस्तादांना गाठलं.

"बघितलंत? कुठे चुकली कुत्री? सांगा ना!"

"तू गोगलगाईसारखी पळत होतीस. तिला विचार करायला वेळ मिळाला."

"मग तुम्ही पळा. हाच क्रम. मी व्हिडिओ काढते, म्हणजे नंतर वाद नको."

उस्ताद तिरीमिरीत उठले. उजवीकडचं सगळं त्यांनी असं काही केलं की बघणाऱ्यांनी वाहवा करावी. मग डावीकडचं वळण आलं आणि भिंगरी बोगद्याला बगल देऊन सरळ निघून गेली.

"झालं समाधान?" उस्ताद ओरडले. "हात दाखवला होता मी!"

"नव्हता दाखवलात."

"दाखवला होता!"

वहिनींनी मोबाईल पुढे केला. कोचबाई वाकून बघायला लागली. छोट्या पडद्यावरचे उस्ताद पळत आले, उजवा हात छान पसरलेला. वळण आलं आणि त्यांचा डावा हात पँटच्या खिशाशी जेमतेम हलला. भिंगरीने मान वळवून त्या हाताकडे पाहिलं होतं, हेही दिसत होतं. तिकडून कसलाच सांगावा आला नाही म्हणून बिचारी नाकासमोर गेली.

वहिनींना विजयाने अगदी गुदगुल्या झाल्या. "आता बोला! मी म्हणत होते की नाही? आळस! नुसता आळस!"

"या वेळी राहिला असेल," उस्ताद पुटपुटले. "घाईत होतो."

कोचबाईने पुन्हा एकदा व्हिडिओ लावला. ती हसत नव्हती. "उस्ताद, एक करता का? कुत्रीशिवाय फेरी मारा. सावकाश. आणि कुठे काय दाखवताय ते मोठ्याने बोला."

या खेळात स्पर्धेआधी ही एक रीतच असते. कुत्री बाहेर ठेवायची आणि माणसांनी रिकाम्या मैदानात क्रम पाठ करत हिंडायचं, नसलेल्या कुत्र्याला हातवारे करत, "ये, जा, वळ" असं पुटपुटत. नवख्या माणसाने बघितलं तर त्याला वाटेल वेड्यांची जत्रा भरली आहे. जो तो आपल्याच तंद्रीत असतो, शेजारी कोण काय करतंय याकडे कुणाचंही लक्ष नसतं. वहिनी तर त्या वेळी बाहेर भिंगरीला फिरवत असायच्या. त्यामुळे उस्तादांची अशी रिकामी फेरी त्यांनी कितीतरी दिवसांत बघितलीच नव्हती.

उस्ताद निघाले. "इथे उजवा," ते म्हणाले, आणि उजवा हात खांद्यापासून लांब गेला. "दोन उड्या. फळी. आता डावा. पूर्ण डावा, खांद्यापासून, हा असा."

डावा हात मांडीजवळून चिमूटभर पुढे आला आणि परत गेला.

वहिनींना आधी वाटलं, चिडवतायत. मुद्दाम करतायत. त्या तोंड उघडून काहीतरी खवचट बोलणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष उस्तादांच्या चेहऱ्याकडे गेलं. चेहरा सरळ होता. शिकणाऱ्या पोरांना दाखवताना असायचा तसा, मन लावलेला.

"काठ्या. आणि पुन्हा डावा, त्या बोगद्याकडे, जोरात." हात हललाही नाही म्हटलं तरी चालेल.

उस्ताद फेरी संपवून परत आले, थोडे तोऱ्यातच.

"काय? आता तरी दिसला ना हात?"

बाकावर बसलेला एक जण बुटाची नाडी बांधायला लागला. कोचबाईने वहिनींकडे बघितलं.

"काय झालं? अरे, बोला की!"

वहिनी त्यांच्याजवळ गेल्या. पाय कसे टाकले ते त्यांना आठवत नाही. "अहो, डावा हात वर करा बरं."

उस्तादांनी हाताकडे बघितलं आणि तो वर केला. सावकाश, पण नीट वर गेला. "हा काय!"

"आता हाताकडे बघू नका. त्या खांबाकडे बघा आणि करा."

उस्तादांनी खांबाकडे नजर लावली. "हे घे. खांद्याएवढा."

हात कमरेशी होता.

वहिनींनी त्या हाताखाली आपला हात घातला आणि तो उचलत नेला. हात लाकडासारखा आखडलेला होता. एकाच अंथरुणात झोपणाऱ्या बाईला हे कळू नये? त्यांना एकदम आठवलं, गेले कित्येक दिवस हे सकाळी उजव्या मनगटाचं बटण लावून घ्यायला त्यांच्यापुढे उभे राहायचे, आणि त्या म्हणायच्या, "बघा, म्हातारपणी लाड सुचतायत." त्यांनी हात खांद्याच्या रेषेत आणून ठेवला.

"एवढा," त्या म्हणाल्या.

उस्तादांनी मान वळवली. आपल्याच हाताकडे ते असे बघत राहिले, जणू तो कुणी दुसऱ्याने आणून तिथे लावला आहे.

"एवढा वर?" ते म्हणाले. "मला तर... अगं, मला खरंच वाटत होतं की मी..."

आयुष्यभर लोकांना हात नीट दाखवा म्हणून ओरडणारा हा माणूस, आता उजव्या हाताने आपल्याच डाव्या हाताची बोटं चाचपत होता. वहिनींनी त्यांचा हात खाली येऊ दिला नाही, तसाच धरून ठेवला.

"डॉक्टरांना दाखवा," कोचबाई हळूच म्हणाली. "मेंदूच्या, नसांच्या डॉक्टरांना. मला त्यातलं फारसं कळत नाही वहिनी, पण थांबू नका. उद्यावर टाकू नका."

बाहेर आल्यावर गाडीची किल्ली वहिनींनी मागितली आणि उस्तादांनी ती निमूट दिली. ते शेजारच्या सीटवर बसले. सीटचा पट्टा लावायला त्यांना वेळ लागला. वहिनी मदतीला वाकल्या, तर ते म्हणाले, "राहू दे, जमेल," आणि मग जमलं नाही तेव्हा तो वहिनींकडूनच लावून घेतला. भिंगरीने मागून त्यांच्या मानेला नाक लावलं.

"सहा महिने मी हिला बोलतोय," उस्ताद समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "उपाशी ठेवलं एकदा. ही बरोबरच जात होती गं. मी दाखवेन तिथेच जात होती." मग जरा वेळाने, "मेंढीवाल्याला फोन कर. सांग, कुत्री द्यायची नाही."

"करते."

वहिनी फोन घेऊन गाडीबाहेर आल्या. दार लावून चार पावलं लांब गेल्या. हेच तर त्यांना हवं होतं. यासाठीच त्या केडस घालून आल्या होत्या, चारचौघांत धापा टाकत पळाल्या होत्या. वाद त्या जिंकल्या होत्या, आणि भिंगरी घरी राहणार होती. पण त्या क्षणी कुणी येऊन म्हटलं असतं, की बाई, यात चूक कुत्रीचीच आहे, तर त्यांनी तिला आत्ताच्या आत्ता, पट्ट्यासकट, डोळ्यांत पाणी न आणता मेंढीवाल्याच्या हवाली केलं असतं. इतकी लाडकी कुत्री, आणि ती चुकलेली असावी म्हणून त्या मनातल्या मनात हात जोडत होत्या. आपल्याला असं वाटतंय याचाच त्यांना धक्का बसला.

"बोला वहिनी!" मेंढीवाल्याचा आवाज खणखणीत आला. मागे मेंढ्या ओरडत होत्या. "रविवारचं नक्की ना? मी तिच्यासाठी जागासुद्धा करून ठेवलीये."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "ती चुकत नव्हती. आम्ही आज बघितलं. तिचं काहीच चुकत नव्हतं." गाडीकडे पाठ करून, तोंडावर पालथी मूठ दाबून त्या रडायला लागल्या.



"अहो, मग रडताय कशाला?" मेंढीवाला गोंधळून म्हणाला. "चांगलंच झालं की!"