दोनशे बारा कार्डांचा गठ्ठा

त्र्याऐंशी साली नागपूरच्या एका मृदा संशोधन केंद्रात मार्तंडराव खिरवडकरांचा कॉम्प्युटर प्रोग्राम चालायचा, आणि तो फक्त त्यांच्याच हातून चालायचा. काळ्या जमिनीत पाणी किती मुरेल, हे तो सांगे. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या दोनशे बारा कार्डांचा गठ्ठा. एकावरही क्रमाचा नंबर नाही. शिवाय त्यातलं एक कार्ड मार्तंडराव रोज संध्याकाळी खिशात घालून धरमपेठेत घरी नेत. दुसऱ्या कुणी प्रयत्न केला की मशीन रुसे. याला ते अनुभव म्हणत.

मग पुण्याच्या अशाच एका केंद्राकडून मागणी आली: प्रोग्राम हवा, चालवायला खिरवडकरही हवेत. पगार वरचा. वर पुणं म्हणजे त्यांच्या पत्नी उत्तराबाईंचं माहेर. त्यांनी लोणच्याच्या बरण्या बांधायलाच घेतल्या.

"सोडू कसा?" संचालक गोपाळराव म्हणाले. "तुमच्याशिवाय हे येतं कुणाला?"

हेच ऐकायला मार्तंडराव बारा वर्षं झटले होते.

"टायपिस्ट प्रेमिलाबाईंना प्रोग्राम चालवता आला, की त्याच दिवशी सोडतो," गोपाळरावांनी अट घातली.

मार्तंडरावांनी कार्डांवर नंबर घातले, खिशातलं कार्ड गुपचूप गठ्ठ्यात सारलं आणि एक पुस्तिका लिहिली. प्रेमिला मेश्रामांनी ती वाचली.

"साहेब, इथं 'नेहमीप्रमाणे बटण दाबावे' लिहिलं. मले नेहमीचं काय मालूम? मी तं आजच आली."

"शहाण्या माणसाला कळतं ते."

"मंग ज्याले येते त्याच्यासाठीच लिहून राहिले का तुमी? त्याले पुस्तिका काहून पाहिजे?"

पुस्तिका अकरा वेळा लिहून झाली. बाराव्या खेपेला प्रेमिलाबाईंनी चहा यायच्या आत उत्तर काढून दाखवलं.

"आन् साहेब, ही तीन कार्डं काढून पाह्यली. उत्तर तेच येते."

ती मार्तंडरावांनी निव्वळ रुबाबासाठी घातली होती.

गोपाळराव खूश. पुण्याची तयारी असावी म्हणून त्यांनी पुस्तिका आणि गठ्ठ्याची नक्कल आधीच टपालानं धाडली. पंधरा दिवसांत उत्तर आलं: "पुस्तिका वाचून आमच्या कारकुनाने पहिल्याच दिवशी प्रोग्राम चालविला. लेखकाचे आभार. आता माणूस पाठविण्याची तसदी घेऊ नये."

मार्तंडरावांनी पत्र दोनदा वाचलं.

"निदान चार दिवस रजा तरी द्या, साहेब. घरी समजूत काढायची आहे."

"चार कशाला? महिनाभर घ्या," गोपाळराव उदारपणे म्हणाले. "आता तुमच्यावाचून इथं काय अडतंय?"