आत्याचा बंद केलेला आवाज

फिल्मच्या वर्गाचा एक नियम होता. फिल्म ज्याची, त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. नाहीतर माणूस सबबी सांगत बसतो, असं सरांचं म्हणणं. आज फिल्म तिची होती, म्हणून ती पहिल्या रांगेत मिठाची गुळणी धरून बसली होती, आणि तळपायाची आग पार मस्तकाला जाऊन भिडली होती.

कारण पडद्यावर तिची आत्या बोलत होती आणि ऐकू येत होती ती बासरी.

आत्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. एके दिवशी इस्त्रीच्या मोठ्या यंत्राचं तापलेलं झाकण धाडकन खाली आलं आणि तिच्या उजव्या हाताची बोटं भाजून आखडली ती आखडलीच. साहेबाने चूक तिच्याच माथी मारली. कॅमेऱ्यासमोर बसताना तिने भाचीला एकच अट घातली होती. "झाकण सैल झालंय हे मी आधीच सांगितलं होतं, तेवढं माझं पुरतं ऐकव. बाकी हात दाखव नाहीतर पाय दाखव, मला काय!"

भाचीने शपथ घेतली होती. शपथ म्हणजे काही उगाच तोंडाची वाफ नव्हे. आणि आज तीच आत्या ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर पिशवी घेऊन शेवटच्या रांगेत बसली होती.

"हे काय करून ठेवलंस?" भाचीने शेजारच्या चष्मिस मित्राला दबक्या आवाजात विचारलं. फिल्मचं एडिट दोघांचं होतं.

"सकाळीच टाकली बासरी. सर मागे म्हणाले नव्हते का, बाई फार तडतडते? आता बघ कसं काळजाला भिडतंय!"

दिवे लागले. सर खूश होते. "तो हात आणि ती बासरी! शब्दांची गरजच नाही. दुःख असं मुकंच असावं."

"आधी दाखवली तेव्हा नुसती भांडखोर वाटायची," एक मुलगी म्हणाली. "आता कशी बिचारी वाटते."

'बिचारी' ऐकून तिने दातओठ खाल्ले.

"मी बोलू का?" मागून आवाज आला. "फिल्म काही माझी नाही. तुमचा नियम मला लागू नसेल."

"बोला ना. आपण कोण?"

"तो हात माझा."

आत्याने सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. "चिमणे, मला मुकी का केलीस गं?"

ती ताडकन उठली.

"अजून दोघांचं बोलायचं राहिलंय," सर म्हणाले. "आपला नियम—"

"चुलीत गेला नियम!"

ती कॉम्प्युटरशी गेली. आत्याचा आवाज पुसलेला नव्हता, नुसता बंद करून ठेवला होता. तिने बासरी उडवली आणि तो आवाज चालू केला.

"साहेबाच्या तोंडावर सांगितलं, झाकण धरत नाही! तर म्हणाला, चालव तसंच. आणि आता म्हणतो, बाईचं लक्ष नव्हतं. अरे, लक्ष तुझं नव्हतं, भाजला माझा हात!"

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. कुणी हललं नाही.

"असं ठेवलंस तर वर्षअखेरच्या जाहीर खेळात ही फिल्म घेता येणार नाही," सर शेवटी म्हणाले. "राग बघायला लोक बसत नाहीत. उठून जातात."

"जाऊ देत. दार उघडंच आहे."

"विचार करून सांग."

"केलाय. शब्द मी दिला होता, बासरीने नाही."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच—" चष्मिस पुटपुटला.

"भलं ठेव तुझ्यापाशी. बासरीही घेऊन जा!"

आत्या पिशवी सावरत पुढे आली. डाव्या हाताने खुर्ची ओढून पहिल्या रांगेत, थेट पडद्यासमोर बसली.

"एवढी ओरडले मी?"

"हो, आत्या."

"कमीच ओरडले. लाव पुन्हा."

तिने आवाज आणखी वाढवला.