बाईंच्या करंगळीचं माप

मी एक चेंडू बोलतोय. पण झेल घ्यायला धावू नका, चांगला साडेचार किलोंचा आहे! लांबलचक, गुळगुळीत लाकडी पट्टीवरून घरंगळत जायचं आणि टोकाला उभ्या असलेल्या, बाटलीच्या आकाराच्या दहा पिना आडव्या करायच्या, हे बोलिंगच्या खेळातलं माझं काम.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता गोल, गडद निळा होतो. अंगाला एकही भोक नाही. आमची भोकं खेळणाऱ्याच्या हाताच्या मापाने पाडतात: एक अंगठ्याचं, दोन बोटांची. तोवर आम्ही कुणाचेच नसतो. दुकानाच्या फळीवर बसून मी वाट पाहायचो, माझ्या नशिबी कुणाची बोटं आहेत?

ती निघाली शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची. आठवड्यातली एक सकाळ त्या मैत्रिणींबरोबर खेळायच्या. मग शिलाईयंत्रात सापडून उजव्या हाताची अनामिका कायमची ताठ झाली आणि खेळ सुटला. दोन वर्षं त्या कडेच्या बाकावर बसून सगळ्यांच्या पर्सा सांभाळत होत्या. त्यांच्या लेकीला ते बघवेना. तिने आईचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवला आणि मापाच्या चिठ्ठीवर लिहिलं: अंगठा, मधलं बोट, करंगळी. अनामिका बाहेरच, माझ्या पाठीवर सरळ राहणार होती.

भोकं पाडणारे काका या कामात मुरलेले. चिठ्ठी वाचून त्यांनी कपाळावर हात मारला. "करंगळीने कुणी चेंडू उचलतं का? आजकालच्या पोरांना बोटंसुद्धा मोजता येत नाहीत!" आणि मोठ्या मायेने त्यांनी ती 'चूक' सुधारली. करंगळीऐवजी, नेहमीप्रमाणे, अनामिकेचं भोक पाडलं. काम इतकं सफाईदार, की मीसुद्धा स्वतःवर खूश होतो.

बाई आल्या. अंगठा गेला, मधलं बोट गेलं. ताठ बोट मात्र काठावरच अडलं. त्यांनी दाबून पाहिलं. कळ आली तशी बोटं काढून घेतली.

"राहू दे गं," त्या लेकीला म्हणाल्या. "चेंडू छान आहे. माझाच मेला हात वाकडा."

"हात नाही, भोक वाकडं आहे, आई! मी स्पष्ट लिहिलं होतं."

"जाऊ दे. मी खेळायला लागले तर त्या बायकांच्या पर्सा कोण सांभाळणार?"

त्या हसल्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्यासाठी मी घडलो, तीच माझ्यामुळे खेळ कायमचा सोडायला निघाली होती.

काका पुढे आले. "बघू बाई, हात द्या." त्यांनी ते बोट अलगद वाकवून पाहिलं. वाकलं नाही. मग त्यांनी ती चिठ्ठी काढून पुन्हा वाचली.

"पोरी, तुझी चिठ्ठी बरोबर होती," ते लेकीला म्हणाले. "मीच तिला शहाणपण शिकवायला गेलो. आणि बाई, हाताला नावं ठेवू नका. चुकलंय ते भोक, आणि भोक बुजवता येतं."

ते भोक त्यांनी घट्ट राळेने भरलं. दुसऱ्या दिवशी घासून साफ केलं, बाईंना स्टुलावर बसवलं आणि माप स्वतः घेतलं. जरासं कोरायचं, करंगळी घालून बघायची, पुन्हा जरासं.

"टोचतंय?"

"नाही."

"घट्ट?"

"नव्या चपलेइतकं."

"मग होईल सैल."

खेळाच्या दिवशी पहिल्याच फेकीत मी एकही पिन न पाडता थेट पट्टीच्या कडेच्या पन्हळीत गेलो! बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "नेम चुकला हो, चेंडू नाही!" त्या ओरडल्या.

आज माझ्या अंगावर एक फिकट निळा ठिपका आहे. राळेचा रंग काही जुळला नाही. मला त्याची लाज वाटत नाही. माणसांनो, तुम्ही हुशार आहात, यात शंका नाही. फक्त कुणाचं मागणं विचित्र वाटलं, तर ते सुधारण्याआधी एकदा त्याचा हात हातात घेऊन बघा. विचारायला असा किती वेळ लागतो?

बरं, आमची पाळी आली. बाईंनी हात पुसला, मला उचललं. अनामिका माझ्या पाठीवर टेकली आहे, सरळ आणि ऊबदार. निघतो!