भिंतीवरची साबणाची वडी

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. मी एक जुना जेपेग आहे, म्हणजे फोटोची फाइल. माझ्यात एका कवळीचा फोटो आहे. म्हणजे होता. आता जे उरलं आहे त्याला लोक साबणाची वडी म्हणतात. मला त्यांचा राग येत नाही. मी स्वतःला पाहिलं आहे.

माझा जन्म मात्र स्वच्छ उजेडात झाला. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एक बाई कवळ्या बनवतात. खोलीत वितळलेल्या मेणाचा वास असतो आणि प्लास्टरची धूळ चहाच्या कपापर्यंत पोहोचलेली असते. बाईंचं म्हणणं असं, की सत्तरीच्या माणसाला विशीचे दात बसवले की तो नुसता हसला तरी थापा मारतोय असं वाटतं. म्हणून त्या प्रत्येक दात वेगळा करतात. एखादा किंचित तिरका, सुळ्याला पिवळट झाक, पुढच्या दातावर केसाएवढी रेघ.

बाईंच्या मुलीने अशी एक कवळी काळ्या कापडावर ठेवली आणि खिडकीपाशी फोनने फोटो काढला. तो मूळ फोटो म्हणजे माझा थोरला भाऊ. तो फोनमध्येच सुखात राहिला. मी त्याची प्रत. मला तिने आपल्या नवऱ्याकडे, म्हणजे बाईंच्या जावयांकडे पाठवलं.

घाई होती. एका मोठ्या दवाखान्याचे दातांचे डॉक्टर आपलं सगळं काम एकाच कारागिराकडे देणार होते. वेबसाइटवर काम बघतो आणि कळवतो, असं त्यांनी सांगितलं होतं. काम मिळालं नाही तर बाईंना खोली सोडावी लागणार होती. आणि वेबसाइट जावयांच्या हातात होती.

जावई मनाने चांगले आहेत. हे मी किळस आवरून सांगतो आहे.

आम्हा जेपेगांचा स्वभाव असा, की सेव्ह करताना डोळ्याला कळणार नाही असं बारीकसारीक आम्ही दरवेळी फेकून देतो. एकदा फेकलं तर काही बिघडत नाही, उलट जागा वाचते. पण जावई मला उघडायचे, कोपऱ्यातलं बाईंचं नाव जरा डावीकडे सरकवायचे आणि सेव्ह करायचे. मग तेच उघडून नाव पुन्हा उजवीकडे. चावून थुंकलेला घास परत ताटात घ्यावा, पुन्हा चावावा, पुन्हा थुंकावा, तसं माझं आयुष्य चाललं होतं. आधी रेघ गेली. मग पिवळट झाक गेली. मग दातांमधल्या फटी.

"छान झालंय," बाई जावयांना म्हणाल्या.

मुलीने आईला बाजूला घेतलं. "आई, दात एकमेकांना चिकटलेत."

"असू दे. तुझ्या बाबांनी लग्नानंतर माझ्या माहेरचा पंखा दुरुस्त केला होता. तो पुढे कायम उलटा फिरला. जावयाला कोणी बोललं का? घामाने निथळत बसायचे सगळे, पण बोलले नाहीत."

मग जावयांनी कुठेतरी वाचलं की पीएनजी नावाच्या फॉरमॅटमध्ये काहीच वाया जात नाही. खरं आहे ते. पण वाया जायला आता उरलं काय होतं? पीएनजीने माझा एकेक डाग इमानदारीने जपला आणि मी हत्तीएवढा जड झालो. वेबसाइटचं पान उघडलं की आधी वरची हिरडी यायची आणि मग बराच वेळ काहीच यायचं नाही.

मग त्यांना एव्हिफ नावाचा तिसरा फॉरमॅट सापडला. नवा आणि हलका. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्याला माझ्यासारखं उष्टं वाढलं, त्याने गपचूप गिळलं. पण डॉक्टरांच्या दवाखान्यातला संगणक म्हातारा. त्याच्या ब्राउझरला एव्हिफ म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांचा फोन आला. "बाई, तुमच्या पानावर फोटोच्या जागी रिकामा चौकोन दिसतोय. त्यात नुसतं 'दात' असं लिहिलंय."

"हो का," बाई म्हणाल्या.

"पेशंट कवळी काढून समोर बसल्यासारखं वाटतंय. संध्याकाळपर्यंत काही दिसलं तर ठीक, नाहीतर मी दुसऱ्यांना हो म्हणतो."

बाईंनी फोन ठेवला. खोलीकडे एकदा बघितलं, मग जावयांकडे. मग शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, पंखा उलटा फिरतोय."

जावयांनी वर छताकडे पाहिलं. तिथे पंखा नव्हता.

"अहो, इकडे बघा," मुलगी म्हणाली आणि तिने थोरल्याला माझ्या शेजारी धरलं.

"हे कोणाचे दात?" जावयांनी विचारलं.

"एकाच कवळीचे. हा मूळ फोटो. तो तुमच्या हातचा."

जावई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. तेवढ्या वेळात मला ओकारी येऊ शकली असती, पण फाइलला तशी सोय नसते. मग त्यांनी मूळ फोटो मागून घेतला. त्याच्यावरून एक एव्हिफ काढला आणि एक जेपेग. पानाला सांगून ठेवलं, की समोरच्या ब्राउझरला एव्हिफ पचत असेल तर तो वाढ, नाहीतर जेपेग वाढ. मग खाली शिंप्याच्या जुन्या संगणकावरही पान उघडून बघितलं.

संध्याकाळी डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. "बाई, पुढच्या दातावर केस पडलाय का?"

"केस नाही, रेघ आहे. मुद्दाम केलीय."

पलीकडे माउसची टिकटिक ऐकू आली. "उद्यापासून पेशंटांच्या हिरड्यांचे साचे पाठवतो," डॉक्टर म्हणाले.

जावई ओशाळून मला कायमचं पुसायला निघाले. मी मनातल्या मनात त्यांचे आभारही मानले होते. पण बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. एवढी मेहनत घेतलीत." आणि त्यांनी मला मोठं छापून, चौकट करून, कामाच्या टेबलासमोर टांगलं. डॉक्टरांकडून साचे घेऊन येणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, हा कुठला साबण?"

"जावयांनी केलंय," बाई म्हणाल्या.

"छान आहे," तो म्हणाला.

मित्रांनो, मूळ फोटो जपून ठेवा. प्रत काढायची तर त्याच्यावरूनच काढा, प्रतीची प्रत काढू नका. नवा फॉरमॅट खुशाल वापरा, पण एखाद्या जुन्या संगणकावरही उघडून बघा. आणि तुमच्या घरात कोणी पंखा उलटा बसवला असेल, तर त्याला त्याच दिवशी सांगा. नाहीतर सगळे घाम पुसत "छान वारा आहे" म्हणत बसतात, आणि कोणाला तरी जन्मभर भिंतीवर लटकावं लागतं.