उजव्या पेडलची पैज

गुडघा माझा, पण त्यावर बोलायचा मक्ता घरातल्या पुरुषांकडे. मी खुर्चीत, उजवा पाय स्टुलावर, आणि आमचे हे आणि चिरंजीव असे दोघं त्या पायाशी उभे. चिरंजीव फिजिओथेरपिस्ट आहेत. स्वतःचा दवाखाना आहे, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवतात. माझाही वाकवला, दाबला आणि निकाल दिला.

"आई, झीज आहे. सायकल बंद."

"पोहायला जात जा," हे म्हणाले.

"तुम्ही जा," मी म्हणाले.

माझी सायकल म्हणजे भाजी आणायची सायकल नव्हे. पुढे वाकून चालवायची, बारीक चाकांची, रस्त्यावर पळवायची सायकल आहे. तिच्या पेडलांत माझे बूट अडकतात. बुटाच्या तळव्याला क्लीट असते, ती पेडलवर दाबली की खटकन बसते, टाच बाहेर फिरवली की सुटते. मधल्या वेळात पाय आणि पेडल एकजीव. यांना हा प्रकार कधी पटलाच नाही. "पाय बांधून कोण सायकल चालवतं? पडायची एवढी हौस?" सुरुवातीला सिग्नलला पडले होते, मान्य. सगळ्या गाड्यांसमोर, अगदी सावकाश, आडवी. पण शिकताना कोण पडत नाही?

"तशी वाया नाही जाणार सायकल," चिरंजीव हात पुसत म्हणाले. "दवाखान्यात नवीन मुलगी आलीये, तिला हवी आहे. रविवारी दुपारी येऊन बघून जाईल."

"तू हे विचारलंस कुणाला?"

"बाबांना."

घ्या! सायकल माझी, गुडघा माझा, आणि विचारलं बाबांना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय? माझं डोकं असं फिरलं की मी उठून सरळ गॅलरीत गेले आणि सायकल पुसायला घेतली. राग आला की मी काहीतरी पुसते. त्या दिवशी तिच्या तारा आरशासारख्या लखलखल्या असतील.

पुसता पुसता उजवं पेडल हातात आलं. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली. हलणारा दात दोन बोटांत धरून कसा बघतात ते रोज बघते. तसंच ते पेडल धरलं आणि वरखाली हलवलं. हललं. नुसतं हललं नाही, खुळखुळलं. डावं धरलं, ते गप्प. पुन्हा उजवं धरलं, पुन्हा खुळखुळ.

मी तिथेच खाली बसले. म्हणजे मी पाय दाबला की पेडल दर वेळी बाहेरच्या बाजूला कलत होतं, बूट त्याला अडकलेला, आणि बुटातल्या पायाला नाइलाजाने त्याच्याबरोबर कलायला लागत होतं. घोटा कडक बुटात. मग वळणार कोण? गुडघा. तोही उजवाच. जिना चढताना मला काही होत नाही, बाजारात हिंडताना होत नाही, फक्त सायकलवर होतं, हे मी या दोघांना किती वेळा सांगितलं असेल! वडाची साल पिंपळाला लावून मोकळे झाले.

"अहो, इकडे या. तूही ये रे. हातच्या काकणाला आरसा कशाला? हलवून बघा."

चिरंजीवांनी हलवलं. "हं. सैल आहे."

"सैल? आतून पार खिळखिळं झालंय ते!"

"आई, फरक पडेल थोडा, नाही म्हणत नाही. पण तुझ्या गुडघ्यात झीज आहे ती आहे. पेडल बदललं म्हणून ती भरून येत नाही."

चिरंजीव अगदी शांतपणे म्हणाले, आणि तो शांतपणाच मला झोंबला. लहान मुलाला समजावतात तसा सूर. मी पटकन बोलून गेले, "मी हे पेडल दुरुस्त करते. रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत चढ चढून दाखवते. नाही दुखलं तर पुन्हा सायकलचा विषय काढायचा नाही. दुखलं तर दुपारी ती मुलगी घेऊन जाऊ दे."

"पैज?" चिरंजीव म्हणाले.

"पैज."

बोलून बसले.

सायकलवाल्याकडे गेले तर त्याने पेडल बघितलं, हलवलं आणि भिंतीवरच्या नव्या जोड्यांकडे बोट दाखवलं. नवी जोडी म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

"आतलं बदलून मिळेल ना?"

"काकू, हे कोण उघडत बसतं?"

"मी."

तो हसला, पण माणूस वाईट नाही. म्हणाला, आत छर्रे आहेत, म्हणजे बारीक पोलादी गोळ्या, दोन रांगांत. ते झिजले असणारच. पण छर्रे ज्यावर फिरतात तो मधला दांडा आधी बघा. त्यावर चरा पडला असेल तर नुसते नवे छर्रे घालून उपयोग नाही, महिन्याभरात परत डुलायला लागेल. मग दोन्ही बदला. मी म्हटलं, दोन्ही द्या. दांडा त्याला मागवायला लागला, छर्रे त्याने कागदाच्या पुडीत मोजून दिले. वर दोन-चार जास्त द्या म्हटलं तर म्हणाला, "तेवढेच होते."

शनिवारी सकाळी जेवायच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. दवाखान्यातून टाकायला काढलेला चिमटा आणि कापसाचे बोळे आणले होते. पेडल सायकलवरून काढलं, पाना लावला आणि आतली कॉलर फिरवायला लागले. कॉलर म्हणजे दांडा ज्या झाकणाने आत धरलेला असतो ते. हलेना. जोर लावला, हलेना.

"सर बाजूला, मी करतो," हे पेपर बाजूला ठेवून आले. पैजेत हे माझ्या विरुद्ध होते, पण घट्ट झाकण दिसलं की या माणसाला राहवत नाही. यांनी पेडल पोटाशी धरलं, दात आवळले, लाल झाले. कॉलर केसभर सरकली आणि पुन्हा अडली.

"निघालं बघ!"

मला काहीतरी खटकलं. कॉलर पुसली. काळ्या ग्रीसखाली कोरलेला बाण निघाला. उजव्या पेडलच्या या कॉलरला आटे उलटे असतात. आम्ही दोघं मघापासून जीव खाऊन ते घट्ट करत होतो.

"अहो, तुम्ही आवळलंत की!"

"सुरुवात कुणी केली?"

उलट्या बाजूला जोर लावला तेव्हा कर्रकन आवाज झाला आणि कॉलर सुटली. दांडा बाहेर आला तो काळ्या चिकट ग्रीससकट. छर्रे कसले, राखी रंगाचे, एकाचा तर टवका उडालेला. बोळ्याने दांडा पुसला. जिथे छर्रे फिरत होते तिथे चरा पडला होता, नख अडकेल एवढा. मी तो यांच्या बोटाखाली धरला. यांनी नख फिरवलं, ते अडकलं, आणि हे ग्रीसचा डबा उघडायला लागले. म्हणजे यांच्या भाषेत कबुलीच.

नव्या दांड्यावर ग्रीस फासली आणि चिमट्याने एकेक छर्रा बसवायला लागले. हे काम माझं. दातात भरायच्या बारीक वस्तू मी रोज चिमट्याने पुढे करते, हात थरथरत नाही. पहिली रांग झाली. दुसरी होत आली आणि शेवटचा छर्रा चिमट्यातून सटकला. टेबलावर टक, फरशीवर टक टक, आणि गायब.

मी रडकुंडीला आले. सायकलवाला आता सोमवारशिवाय दुकान उघडणार नव्हता, आणि एक छर्रा कमी घालून तो चढ चढायचा म्हणजे पुन्हा खुळखुळ. हे गुडघ्यांवर बसले, कमरेला हात लावून कण्हले आणि टेबलाखाली शिरले. सोफा सरकवला, चपला झटकल्या, पायपुसणं झटकलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा केसांत जळमट होतं आणि तळहातावर छर्रा.

"गप्प बसला असतात तर पैज जिंकला असतात," मी म्हणाले.

"हरायचं तर नीट हर," हे म्हणाले. मला हसू आवरेना.

दांड्याच्या टोकाला दोन नट, एकावर एक. जास्त आवळले की पेडल अडकत अडकत फिरायचं, सैल सोडले की डुलायचं. आवळ, सोड, फिरव. पुन्हा आवळ. शेवटी एकदाचं जमलं. बोटाने टिचकी मारली तर गुळगुळीत फिरलं, आणि दोन बोटांत धरून हलवलं तर तसूभर हललं नाही. मी ते जेवताना ताटाशेजारी ठेवलं. हे म्हणाले, उचल. मी उचललं नाही.

रविवारी सकाळी चिरंजीव स्कूटर घेऊन हजर. म्हणे, मागून येतो, तुझा चेहरा बघायचाय. मी म्हटलं, मागून चेहरा कसा दिसणार? तर शेजारून येतो म्हणाले. मी बूट दाबले. खटक. खटक.

आणि पहिल्याच दाबाला कळलं. पाय सरळ खाली गेला, सरळ वर आला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जी पिळल्यासारखी कळ यायची ती आलीच नाही. सपाट रस्ता संपला, चढ लागला, तरी नाही. मी सीटवरून उठून उभी राहिले, तरी नाही. चिरंजीव शेजारून स्कूटर घुरघुरवत माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना जीभ काढून दाखवली.

शेवटच्या वळणावर दुखलं.

ती जुनी कळ नव्हती. मंद ठणका होता, वाटीच्या खाली, आत. म्हणजे पोराचंही खरं होतं. पेडल गेलं होतं आणि गुडघाही थोडा गेला होता. टाकी समोर दिसत होती. चेहऱ्यावर काही दिसलं नसणार, कारण घामाने माझा चेहरा तसाही पिळून काढल्यासारखा झाला होता. दुखलं नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? सायकल वाचली असती. आणि मग जन्मभर दर चढाला मी घरी येऊन "छे, कुठे दुखतंय" म्हणत बसले असते. माझ्याच सायकलवर चोरासारखी.

टाकीपाशी उतरले. पोराने स्कूटर लावली.

"दुखला?"

"दुखला."

तो एवढासा झाला. जिंकलेला माणूस असा दिसत नाही. "पहिल्यापेक्षा कमी?"

"पुष्कळ कमी. पण दुखला. पैज मी हरले."

"मग आई..."

"मग काही नाही. सायकल जाणार नाही."

"अगं, पैज तूच लावलीस ना?"

"लावली. मूर्खपणा केला. जी वस्तू माझीच, ती माझ्याकडे राहावी म्हणून मी पैज का लावायची? तुझ्या बाबांची कंबर गाडी चालवून गेलीये. काल टेबलाखालून बाहेर पडताना कण्हत होते. त्यांच्या गाडीला गिऱ्हाईक आणलंस? त्यांना म्हणालास, बाबा, गाडी बंद?"

त्याने हेल्मेट काढलं.

"नाही ना? उशी दिलीस पाठीला लावायला. मलाही दे काय द्यायचं ते. व्यायाम सांग, करीन. पट्टा दे, बांधीन. चढ कमी कर म्हणालास तर तेही ऐकेन, थोडं. पण सोडायची कधी ते मी ठरवणार."

"वाढेल गं दुखणं."

"वाढू दे. माझं आहे."

तो स्कूटरच्या आरशाशी चाळा करत राहिला. त्याला भीती वाटत होती, ते मला दिसत होतं. खरं सांगायचं तर थोडी मलाही वाटत होती. पण म्हणून मी माघार घेणार नव्हते.

"त्या मुलीला फोन लाव," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

त्याने लावला. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. याचं तेवढं ऐकू आलं.

"हो, येऊ नकोस दुपारी. नाही, विकायची नाहीये... नाही गं, गुडघा नाही बरा झाला, दुखतोच आहे." त्याने माझ्याकडे बघितलं. "मी चुकीच्या माणसाला विचारलं. सायकल आईची आहे."